मुदपाकखान्यांतील ईश्वरकृपा

परवां भात करपला म्हणून आम्हीं सूनबाईंस भरल्या पंक्तींत टाकून बोललों. त्याच रात्रीं एका ख्रिस्ती साधूचीं पत्रें आमच्या वाचनांत आलीं.

ब्रदर लॉरेन्स हा लॉरेन प्रांतांतील शिपाई. युद्धांत जखमी होऊन लंगडा झाला. पुढें पॅरिस येथील कार्मेलपंथी मठांत शिरला. तेथें त्याच्या वांट्यास मुदपाकखाना आला. स्वयंपाकाची त्याला उपजत नावड. तरीहि भांड्यांच्या खडखडाटांत तो प्रार्थनेच्या वेळेइतक्याच शांत चित्तानें ईश्वरसान्निध्य अनुभवी. चूक झाली कीं ती देवापाशीं कबूल करी आणि खंत करीत न बसतां पुन्हा कामास लागे. आपण राजापुढें उभे असलेले घोर अपराधी आहों, असें तो लिहितो. परंतु हा राजा शासन न करितां त्याला हृदयाशीं धरी आणि आपल्या पंक्तीस बसवून स्वहस्तें भरवी! इ. स. १६९१ त तो निवर्तला.

ईश्वर अपराध्यास जेवूं घालतो. आणि आम्ही तर जेवूं घालणारीसच अपराधी ठरविलें होतें. सकाळीं सूनबाईंस हांक मारून आम्हीं आपली चूक कबूल केली. तिचे डोळे भरून आले. वाचकहो, त्या दिवशीं आमची देवपूजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच झाली.