एका किलोकॅलरीचा फरक

डालडाचा पिवळा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची आणि भरलेला असेपर्यंत चिरोट्यांचा साटा त्यावर निघायचा. रसायनशास्त्र शिकवायला लागल्यापासून मला मात्र त्या तुपातल्या दुहेरी बंधांनी पछाडलं आहे.

या तुपामागचा इतिहास उरकूनच टाकतो. अ‍ॅसिटिलीन निकेलवरून सोडण्याचे प्रयोग पॅरिसला म्वासाँने केले होते. ते पुढे चालवणार नाही, असं त्याच्याकडूनच कळल्यावर तुलूझच्या पॉल साबातियेने सांदरेन्स या पाद्री सहकाऱ्यासह 1897 साली एथिलीन घेतलं आणि निकेलच्या भुकटीवर हायड्रोजन जोडून त्याचं एथेन केलं. (सौजन्य बघा, आधी विचारलं!) 1902 साली जर्मनीत नॉर्मानने हीच युक्ती द्रव तेलांवर चालवून पेटंट घेतलं, 1912 मध्ये साबातियेला नोबेल मिळालं आणि 1932 साली आपल्या शिवडीत वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. हार्वर्डमध्ये 1935 च्या सुमारास किस्तियाकोव्स्की अल्कीनांमध्ये हायड्रोजन घालून बाहेर पडणारी उष्णता मोजत होता. पुढे अणुबॉम्बसाठी स्फोटकांची भिंगं घडवून घेणारा हाच तो. 1-ब्युटीनने मोलमागे 30.3 किलोकॅलरी दिल्या, सिस-2-ब्युटीनने 28.6 आणि ट्रान्सने 27.6. तिघांचंही शेवटी ब्युटेनच होतं. म्हणजे ज्याने कमी उष्णता दिली, तो मुळातच खालच्या पायरीवर, अधिक स्थिर. सिसमध्ये दोन्ही मिथिल गट एकाच बाजूला, लोकलच्या बाकावरच्या चौथ्या सीटसारखे अंग चोरून बसलेले. ट्रान्समध्ये ते समोरासमोर, ऐसपैस. फरक जेमतेम एका किलोकॅलरीचा, पण इतक्या नेटक्या मोजमापापुढे मी आजही टोपी काढतो.

पाठ्यपुस्तकं बाणावर ‘निकेल’ लिहून मोकळी होतात. खरी गंमत त्या बाणाखाली आहे. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू फुटून सुटे अणू होतात. दुहेरी बंध तिथे चिकटतो, एका कार्बनला एक अणू मिळतो, आणि दुसरा मिळायच्या आतच पहिला पुन्हा सुटू शकतो! मधल्या त्या क्षणी बंध एकेरी असतो, साखळी मोकळेपणी फिरते. दुहेरी बंध परत जुळतो तेव्हा पुष्कळदा ट्रान्स होऊनच. तापमान चढं आणि हायड्रोजन अपुरा असला की हे माघारी फिरणं वाढतं. तेलातलं ओलेइक आम्ल 13 अंशांना वितळतं. त्याचंच ट्रान्स भावंड, एलायडिक, 45 अंशांच्या आसपास. वनस्पती तूप घट्ट होतं, त्यात या भावंडाचाही हात आहे.

जाता जाता: साजूक तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून सरकारने वनस्पतीत 5 टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं होतं. बोदुआँ चाचणीत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल घालून परीक्षानळी हलवली की खालचा आम्लाचा थर गुलाबी होतो. वर्गात याच्याइतका हमखास टाळ्या घेणारा प्रयोग मला दुसरा सापडलेला नाही.

हृदयाला ट्रान्स मेद बाधतात, हे सिद्ध झाल्यावर जानेवारी 2022 पासून भारतात तेल-तुपातली त्यांची मर्यादा 2 टक्क्यांवर आली. पण सरसकट हायड्रोजनीकरणालाच दोष देऊ नका. गोंधळ अर्धवट हायड्रोजनीकरणाचा आहे. तेल पूर्ण हायड्रोजनीकृत केलं तर त्यात ट्रान्स जवळजवळ राहत नाही, कारण दुहेरी बंधच उरत नाहीत.