एआय एजंटला 'स्किल' द्यायचं म्हणजे काय? पावणेतीन एकरांचं उदाहरण

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण हेडफोन काढू नका. विषय आहे एआय एजंटची स्किल्स. भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी उतारा. बोलताना घाईत गेलेले आकडे इथे नीट दिलेत.

आधी एजंट म्हणजे काय ते बघू. चॅटबॉट उत्तर देतो आणि गप्प बसतो. एजंट काम करतो. तो फाइल उघडतो, प्रोग्रॅम चालवतो, निकाल बघतो आणि पुढचं पाऊल ठरवतो. अडचण एकच, की गडी विसराळू आहे. 'गजनी'तल्या आमिरसारखं, नवीन संभाषण उघडलं की पाटी कोरी. काल तासभर डोकं लावून सोडवलेलं काम आज पुन्हा पहिल्यापासून, आणि आज कालच्यासारखंच करेल याची गॅरंटी नाही.

आता आपल्या बुलडाण्याचंच उदाहरण घ्या. मी चिखलीचा, म्हणजे घाटावरचा. पण घाटाखाली खामगाव, शेगावकडे गेलात तरी हे असंच. शेत किती, असं विचारलं की माणूस एकर-गुंठ्यात सांगतो. सातबाऱ्यावर मात्र असतं हेक्टर-आर. आणि लिहिताना लोक काय करतात? '२ एकर ३० गुंठे' हे सरळ '२.३०' असं लिहितात. गावात कुणालाच यात काही वावगं वाटत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं की पॉइंटच्या पुढे गुंठे आहेत.

कॉम्प्युटरला ते माहीत नसतं. त्याच्यासाठी २.३० म्हणजे २.३ एकर. एकरात गुंठे ४०, म्हणून ०.३ एकराचे होतात १२ गुंठे. खरे होते ३०. अठरा गुंठे गायब, बाप्पा!

याची किंमत काढून बघू. २०२२-२३ पासूनच्या केंद्राच्या आपत्ती निकषांत कोरडवाहू पिकाच्या नुकसानीला हेक्टरी ८,५०० रुपये धरले होते. अठरा गुंठे म्हणजे ०.४५ एकर, म्हणजे साधारण ०.१८२ हेक्टर. हिशोबात फरक पडतो सुमारे १,५४८ रुपयांचा. एका शेतकऱ्याचा, एका ओळीत. सीएससी केंद्रात बसलेला आपला एखादा मित्र एजंटकडून शंभर अर्जांची यादी तपासून घेत असेल, तर ही चूक किती ठिकाणी शिरेल ते तुम्हीच बघा. आणि ती दिसतही नाही, कारण २.३ हा आकडा दिसायला एकदम सभ्य आहे.

इथे स्किल कामाला येतं. स्किल म्हणजे एक साधं फोल्डर. त्यात एक मजकुराची फाइल असते: हे काम कधी करायचं, कसं करायचं. सोबत लागेल तसा कोड. अँथ्रॉपिकने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एजंट स्किल्स' या नावाने ही पद्धत आणली आणि डिसेंबरात ती सगळ्यांसाठी खुली केली. गंमत आहे ती उघडण्याच्या पद्धतीत. सुरुवातीला एजंटसमोर फक्त स्किलचं नाव आणि एक-दोन ओळींचं वर्णन असतं. गरज वाटली तरच तो आतली फाइल वाचतो, आणि कोड तर वाचण्याऐवजी थेट चालवूही शकतो. म्हणून पन्नास स्किल्स ठेवली तरी त्याचं डोकं भरत नाही.

कल्पना मात्र त्याआधीची आहे. २०२३ मध्ये एनव्हिडिया आणि काही अमेरिकन विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'व्हॉयेजर' नावाचा एजंट मायनक्राफ्ट गेममध्ये सोडला. तो जीपीटी-४ वापरून जावास्क्रिप्टमध्ये छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायचा. काम फत्ते झालं याची तपासणी झाली, तरच तो प्रोग्रॅम त्याच्या लायब्ररीत जायचा. पुढे मोठं काम आलं की जुने तुकडे जोडून नवीन बनवायचा. आधीच्या पद्धतींच्या तुलनेत त्याने ३.३ पट जास्त वेगवेगळ्या वस्तू मिळवल्या. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लायब्ररी वाटत नाही. लायब्ररीच्या दारावरची तपासणी वाटते. कारण स्किल चुकीचं असेल, तर एजंट तीच चूक रोज, न थकता, पूर्ण आत्मविश्वासाने करेल.

परत शेतात येऊ. आपल्या स्किलमध्ये कोडने काय करायचं? फक्त रूपांतर. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. एक हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे साधारण २.४७१ एकर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चा, त्यामुळे दोन्ही एकच समजायचा मोह होतो. कोडला असा मोह होत नाही. हे गणित मॉडेलच्या अंदाजावर सोडूच नका. तिथे रोज तेच उत्तर यायला हवं.

आणि मजकुरात काय लिहायचं? जिथे विचार करावा लागतो ते. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे असतात, यातलं कोणतं घ्यायचं. सामाईक खातं असेल तर हिस्सा विचारायचा. आणि सगळ्यात कामाची ओळ: पॉइंटनंतरचा आकडा ३९ पर्यंत असेल आणि सोबत 'गुंठे' हा शब्द नसेल, तर स्वतः ठरवू नको, थांब आणि विचार.

वर्णनाच्या ओळीत कंजुषी नको. 'जमिनीसाठी मदत' असं लिहिलं तर एजंटला कळणारच नाही की हे कधी उघडायचं. 'हेक्टर-आर आणि एकर-गुंठे यांचं रूपांतर. कुणी शेताचं क्षेत्र सांगितलं की वापर' असं लिहा.

आता तपासणी. इथे आपली मराठी भारी कामाची आहे. सव्वादोन एकर म्हणजे २ एकर १० गुंठे, अडीच म्हणजे २ एकर २० गुंठे, पावणेतीन म्हणजे २ एकर ३०. म्हणून मी तीन प्रश्न ठेवतो. 'पावणेतीन एकर' आणि '२ एकर ३० गुंठे' या दोन्हींना एकच उत्तर आलं पाहिजे: १ हेक्टर ११ आर आणि वर साधारण २९ चौरस मीटर. आणि नुसतं '२.३०' दिलं की उत्तर येताच कामा नये, उलटा प्रश्न आला पाहिजे. तिन्ही जमलं तरच स्किल मित्राला द्यायचं.

जाता जाता एक. कुणीतरी टेलिग्रामवर टाकलेलं स्किल डोळे झाकून घेऊ नका. त्यातला कोड तुमच्या मशीनवर, तुमच्या फाइल्समध्ये चालणार असतो. आपलं हे क्षेत्राचं स्किल घ्या. त्याला इंटरनेट लागायचं कारणच नाही. तरी त्यातला कोड कुठेतरी काही पाठवताना दिसला, तर फोल्डर तिथल्या तिथे डिलीट.

पुढच्या भागात हेच स्किल बाजार समितीच्या भावांना जोडून बघू. तिथे क्विंटलचा घोळ आहे. भेटू!