दीडशे ग्रॅम, अडीच हजार किलोमीटर

अमूर ससाण्याचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. सैबेरियाच्या आग्नेय भागातून, उत्तर चीनमधून निघून तो नागालँड-मणिपूरला थांबतो, नोव्हेंबरात आपल्या डोक्यावरून जातो आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे पोहोचतो. जाऊन-येऊन वर्षाला सुमारे 22,000 किलोमीटर.

यातला कोकण किनारा ते सोमालिया हा टप्पा साधारण अडीच हजार किलोमीटरचा. तिथे टेकायला फांदी नाही. ताशी 50 किलोमीटरचा वेग धरला तरी सलग 50 तास पंख चालवायचे. म्हणून वाटेत जखमी झालेला ससाणा उपचार केंद्रात येतो, तेव्हा हाड सांधणं ही फक्त सुरुवात असते. पक्ष्याचं साधं मोडलेलं हाड तीनेक आठवड्यांत जुळतं. पण पाच मीटरच्या पिंजऱ्यात या टोकाहून त्या टोकाला तो नीट उडाला, म्हणजे काय सिद्ध झालं? तेवढा समुद्र त्या पिंजऱ्यात कापायचा तर 5 लाख खेपा लागतील. रोज शंभर केल्या तरी पावणेचौदा वर्षं!

पिसांचा प्रश्न आणखी अवघड. एका पंखाच्या टोकाला उडण्याची 10 मोठी पिसं असतात. त्यातलं एखादं मधूनच मोडलं, तर उरलेला देठ गळून पडेपर्यंत नवं उगवत नाही. मग त्या पोकळ देठात बांबूची बारीक काडी बसवून दुसऱ्या अमूर ससाण्याचं पीस जोडतात. तेही त्याच बाजूचं आणि त्याच क्रमांकाचं हवं, नाहीतर पंखाचा तोल बिघडतो. इतक्या नाजूक, चिकाटीच्या कामाबद्दल मला अपार आदर वाटतो.

शिवाय रोजचं वजन. 15 ग्रॅमची घट आपल्याला किरकोळ वाटेल. त्याच्यासाठी तो शरीराचा दहावा हिस्सा, साठ किलोच्या माणसाचे सहा किलो.

आणि हे सगळं वाऱ्याच्या वेळेत बसवायचं. ईशान्येचा वारा पाठीशी असताना, नोव्हेंबर-डिसेंबरात, त्याचे सोबती समुद्र ओलांडून जातात. तोवर पंख तयार झाला नाही, तर पुढच्या हंगामापर्यंत त्याला सांभाळावं लागू शकतं. रोजचं तीस ग्रॅम खाणं धरलं तर अकरा महिन्यांचं दहा किलो होतं, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सहासष्ट पट. ते रोज कुणीतरी तोलून, कापून त्याच्यापुढे ठेवायचं असतं, आणि तेही त्याला माणसाची सवय लागू न देता.