जोयड्याच्या घाटवाटा आणि मोठी मोटारसायकल

मोठी मोटारसायकल ही शहरात बहुधा हौसेची वस्तू ठरते. कारवार जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात मात्र तिच्याकडे पाहण्याची दृष्टी निराळी आहे. पूर्वी सुपे तालुका म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख डोंगराळ, रानाने वेढलेला आणि विरळ वस्तीचा. सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, तेथल्या कित्येक कुटुंबांनी रामनगरला नवे संसार थाटले. परंतु वाडीपासून बसच्या रस्त्यापर्यंतची तंगडतोड फारशी चुकली नाही. आजाऱ्याला दांडेलीस न्यावयाचे, तांदळाचे पोते आणावयाचे, मुलाला परीक्षेला वेळेवर पोहोचवावयाचे, ही सारी कामे एकाच वाहनाने उरकावी लागतात. त्यामुळे कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी, हा प्रश्न घरातल्या थोरल्या मुलाचा एकट्याचा राहत नाही.

हा वाद तसा जुनाच आहे. १९५५ पासून मद्रासेत एन्फील्डची बुलेट बनू लागली. १९६१ मध्ये म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडली. तिच्या वंशातली गाडी १९७३ पासून येझ्दी या नावाने विकली जाऊ लागली. कारवार जिल्हा १९५६ मध्येच म्हैसूर राज्यात गेला होता, तेव्हा त्या अर्थाने जावा ही घरचीच गाडी. ती चालू करणे सोपे, आणि तिची साखळी पुरती झाकलेली. लाल चिखलाच्या वाटेवर ही मोठीच सोय. साडी नेसून मागे बसणाऱ्या बाईलाही तिचा आधार वाटे. बुलेटला किक मारणे हा मात्र एक विधीच असे. अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आणावयाचा, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून पिस्टन योग्य जागी न्यावयाचा आणि मग लाथ मारावयाची. घाई केली, तर किक उलटून पोटरीवर बसे.

परंतु अणशीचा घाट उतरू लागले की पारडे फिरे. जावा टू-स्ट्रोक, तिला तेल मिळे ते पेट्रोलमध्ये मिसळूनच. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवला की पेट्रोलबरोबर तेलही तुटपुंजे होई, आणि इंजिन गाडीला फारसे मागे खेचून धरीत नसल्याने सगळा भार ब्रेकवर पडे. बुलेटचे फोर-स्ट्रोक इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये गाडीला जणू हाताला धरून खाली आणी. दुसरी अडचण पायांची. बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. जावाचे नेमके उलट. शेजाऱ्याची गाडी मागून आणणाऱ्याने वळणावर ब्रेक समजून गिअर दाबण्याचा धोका त्यात होता. १९८३ मध्ये राजदूत ३५० आली. वेगाला ती अफाट, पण पेट्रोल पिण्यातही तितकीच. वाडीवस्तीच्या संसाराला ती परवडणारी नव्हती.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले, २०२० मध्ये होंडाने सीबी ३५० आणली आणि २०२३ मध्ये बुलेट नव्या इंजिनासह आली. आता तिन्ही फोर-स्ट्रोक, तिन्हींचा गिअर डाव्या पायाशी. म्हणजे जुने दोन्ही मुद्दे निकालात निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के बसला. त्यामुळे साध्या कुटुंबाची निवड याच तिघींपुरती उरते, असे म्हणावयास हरकत नाही.

विक्रेता अश्वशक्तीचे आकडे सांगतो. घाटात उपयोगी पडते ती ओढ, म्हणजे टॉर्क; आणि तीही इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळते हे पाहावे. होंडाची ३० न्यूटन-मीटर ओढ मिनिटाला ३००० फेऱ्यांवर मिळते, बुलेटची २७ ही ४००० वर, तर २०२४ च्या जावा ३५० ची सुमारे २८ ही ५००० वर. मागे माणूस, मध्ये पोते आणि समोर ओली चढण असता पहिल्या दोघी गिअर न बदलता रेटून नेतील. जावाला इंजिन गरगरवावे लागेल. होंडाचे वजन १८१ किलो, बुलेटचे १९५. चौदा किलोंचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. आषाढात ओहोळाकाठच्या चिखलात रुतलेले चाक उपसून पाहिल्यावर तो कळतो!

चाकांचेही तसेच. बुलेटच्या तारांच्या चाकात ट्यूब असते. रानात पंक्चर झाले, तर चाक उतरविल्यावाचून गत्यंतर नाही. होंडाचा ट्यूबलेस टायर वाटेवरच बुजविता येतो. ब्रेकच्या बाबतीत तर काटकसर करूच नये. २०२३ च्या बुलेटच्या स्वस्त प्रकारात मागे ड्रम आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. ओल्या पाचोळ्याच्या रस्त्यावर दोन्ही चाकांचे एबीएस असलेला प्रकार घेण्यासाठी महिनाभर थांबावे लागले तरी चालेल.

इतके असूनही आमचा कौल डोळे झाकून होंडाला नाही. तिच्या या गाड्या निवडक शहरांतल्या वेगळ्या दालनांतूनच विकल्या जातात. सुट्या भागासाठी दर खेपेस बेळगाव किंवा हुबळी गाठावयाची असेल, तर वाटेवर वाचविलेला वेळ तेथे खर्ची पडतो. दांडेलीच्या किंवा रामनगरच्या कारागिराला तीन प्रश्न विचारावेत : क्लचची केबल आज मिळेल काय, ब्रेकची गादी मिळेल काय, आणि या बनावटीचे इंजिन त्याने स्वतः कधी उघडले आहे काय? बुलेटबाबत उत्तरे होकारार्थी आणि होंडाबाबत नकारार्थी आली, तर चौदा किलो जास्त पत्करून बुलेट घ्यावी. तिची सलग लांब गादीही कुटुंबाला सोयीची आहे. जावा घ्यावी ती ज्याचे येणेजाणे मुख्यतः रामनगर-बेळगाव रस्त्यावर आहे, त्याने.

पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराच्या सपाट रस्त्यावरची फेरी पुरेशी मानू नये. जी मागे बसणार, तिला सोबत न्यावे. चढणीवर गाडी थांबवून पुन्हा हलवून पाहावी, आणि तिचे पाय पायटीवर नीट टेकतात की नाही, हे तिलाच विचारावे.