‘आंग्रा’ : नामसाम्य व त्यांतील भ्रम

पोर्तुगीज कागदपत्रें चाळतांना ‘आंग्रा’ हा शब्द दिसला कीं मराठी वाचकाचें मन तत्काळ कुलाब्याच्या आंगऱ्यांकडे धांवतें. परंतु ह्याच नांवाचें एक प्राचीन बंदर अटलांटिक महासागरांत आहे, आणि ‘हेवी मेटल’ ह्या प्रकारचें जोरकस संगीत करणारी ब्राझीलमधील एक मंडळीही ह्याच नांवानें प्रसिद्ध आहे. उच्चार जवळजवळ एक, पण उगम तीन. ते वेगळे न केल्यास एखाद्या कागदाचें स्थळ, काळ व व्यक्ति हीं तीनही चुकण्याचा संभव असल्यामुळें त्यांचा थोडक्यांत खुलासा येथें करीत आहों.

‘आंग्रा’ हें मुळांत पोर्तुगीज भाषेंतील सामान्यनाम असून त्याचा अर्थ जहाजांना आसरा देणारें लहानसें आखात असा आहे. अझोर द्वीपसमूहांतील तेर्सेरा बेटावर अशाच एका आखाताच्या कांठीं वसलेल्या गांवाचें तेंच विशेषनाम झालें. इ. स. १५३४ मध्यें त्यास शहराचा दर्जा मिळाला व त्याच वर्षीं तेथें बिशपचें पीठ स्थापन झालें. बंदराचा उत्कर्ष वाऱ्यांमुळें झाला. गोव्याहून केपला वळसा घालून परतणाऱ्या जहाजांना अटलांटिकमध्यें ईशान्येकडील वारे समोरून येत. म्हणून तीं पश्चिमेकडे दूरवर वळून अझोरच्या अक्षांशाला पोंचत आणि तेथील पश्चिमेच्या वाऱ्यांवर लिस्बन गांठीत. पाणी, शिधा, डागडुजी व चांच्यांपासून संरक्षण ह्यांची तजवीज ठेवण्यासाठीं राजाचा स्वतंत्र अधिकारी आंग्रा येथें असे. हिंदुस्थानच्या पहिल्या सफरीहून परततांना वास्को द गामाचा भाऊ पाउलो इ. स. १४९९ मध्यें वारला, तो तेथेंच पुरला गेला. गोव्याच्या आर्चबिशपच्या नोकरींत असलेला डच प्रवासी लिन्शोटेन इ. स. १५८९ मध्यें परतीच्या वाटेवर तेर्सेरा येथें उतरला व सुमारें दोन वर्षें राहिला. त्याच्या इ. स. १५९६ च्या ग्रंथांत गोवें व आंग्रा ह्या दोन्ही शहरांचे नकाशे आहेत. गोव्यासंबंधींच्या कागदांत हें नांव कां येतें, त्याचें उत्तर ह्या एका ग्रंथावरूनही मिळतें.

संगीतमंडळी आंग्रा ही इ. स. १९९१ मध्यें साओ पाउलो येथें निघाली. तिच्या देशाची भाषा पोर्तुगीज, आणि इ. स. १९९६ मधील ‘होली लँड’ ह्या तिच्या ध्वनिमुद्रित कृतीचा विषयही पोर्तुगीज नौका ब्राझीलला पोंचल्या तो काळ. इतकें जुळल्यावर नांव बंदरावरूनच घेतलें असावें, असा तर्क कोणीही करील. परंतु तुपी लोकांच्या पुराणकथांतील अग्निदेवतेवरून आपण हें नांव घेतलें, असें त्या मंडळीचें सांगणें आहे. भाषा, देश व विषय हीं तीनही अनुकूल असतांना केलेलें अनुमान जर टिकत नाहीं, तर केवळ अक्षरसाम्यावर कितीसा विश्वास ठेवावा ?

स्थळांच्या बाबतींतही असाच चकवा आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यावर ‘आंग्रा दुस रेइस’ नांवाचें दुसरें बंदर आहे. आणि तेर्सेराच्या आंग्र्याला लागून असलेल्या डोंगराचें नांव ‘मोंते ब्राझील’ असें आहे. तेव्हां ‘आंग्रा’ व ‘ब्राझील’ हीं दोन नांवें एकाच कागदांत आलीं, तरी तो कागद ब्राझील देशाचाच असेल असें नाहीं.

आतां आपले आंगरे. ह्या घराण्याचें मूळ आडनांव संकपाळ. पुण्याजवळील आंगरवाडी ह्या गांवावरून तें आंगरे झालें. पोर्तुगीज व इंग्रज त्यांना ‘आंग्रिया’ म्हणत. ह्या नांवाचा आखाताशीं कांहीं संबंध नाहीं.

संग्राहकांनीं पुढील कसोट्या लावून पाहाव्या. ‘आंग्रिया’ त एक इकार अधिक आहे. पण घाईच्या अक्षरांत तो सहज नजरेआड होतो, म्हणून उपपद पाहावें. आंगऱ्यांच्या नांवाआधीं पुल्लिंगी उपपद येतें, आखात ह्या अर्थाच्या शब्दाआधीं स्त्रीलिंगी येतें, आणि शहराच्या नांवाआधीं उपपद नसतें. दुसरी कसोटी काळाची. आंगऱ्यांची आरमारी सत्ता सतराव्या शतकाच्या अखेरीस कान्होजीपासून सुरू होते. त्यापूर्वींच्या गलबतांच्या कागदांत त्यांना शोधणें व्यर्थ आहे. तिसरी कसोटी पदवीची. तेर्सेराच्या शहरास ‘दु एरोइज्मु’, म्हणजे ‘शौर्याचें’, ही जोड इ. स. १८३७ मध्यें राणी दुसरी मारिया हिनें दिली. त्याहून जुनी मिती घातलेल्या कागदांत हें पूर्ण नांव असल्यास ती मागाहूनची नक्कल तरी आहे किंवा कागद बनावट तरी आहे.

नामसाम्य हें शोधाचें निमित्त होऊं शकतें, पण तो पुरावा नव्हे. शब्दाचें कुळ, मिती व सभोंवारचीं नांवें एकमेकांशीं जुळल्याखेरीज कागदावर ‘आंगरे’ अशी चिठी डकवूं नये. कारण एकदां सूचींत शिरलेली चूक पुढील अभ्यासक बहुधा मूळ कागद न पाहतांच उतरून घेतात.