फ्लॅग आज मक्यात शिरणार

सकाळी ७. वेताळ टेकडी उतरताना मोर ओरडला आणि आठवलं, आज शनिवार. संध्याकाळी मुलांपुढे ‘पाडस’ची शेवटची प्रकरणं.

९.३०. सदाशिव पेठेतल्या आमच्या बालवाचनालयाचं कुलूप काढलं. झाडलोट, पेपर, विजेचं बिल.

११. ‘पाडस’ची एकुलती एक प्रत. कणा सुटलाय, शेवटचा फर्मा लोंबतोय. खळ शिजवली, कापडाची पट्टी चिकटवली, वर व्याकरणाचे दोन जाडजूड ग्रंथ ठेवले. या ग्रंथांचा इतका उपयोग आमच्याकडे दुसरं कुणी करत नाही.

१. डबा खाता खाता पुन्हा वाचलं. मार्जोरी रॉलिंग्जची ही कादंबरी १९३८ची, पुढल्याच वर्षी पुलित्झर. मराठीत आणली ‘सत्यकथा’वाल्या राम पटवर्धनांनी. फ्लोरिडाच्या रानात ज्योडीच्या बापाला साप डसतो. विष ओढून घ्यायला तो एक हरिणी मारतो, तिचं काळीज जखमेवर दाबतो. मागे उरलेलं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो. शेपटी झेंड्यासारखी उडते म्हणून त्याला ‘फ्लॅग’ हे नाव सुचतं ते अपंग मित्राला, फॉडरविंगला. ते ज्योडीच्या कानावर येतं तेव्हा मित्र गेलेला असतो. मला शेवटापेक्षा हीच जागा जड जाते.

३. एका आईंचा फोन. “ताई, शेवट वाचू नका हो, रात्रभर रडेल ती.” मी म्हटलं, “बघते.” पुण्यात ‘बघते’ म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक असावं.

५.३०. चटईवर ११ मुलं. फ्लॅगनं कोवळा मका फस्त केला. ज्योडीनं पुन्हा पेरला, कुंपण उंच केलं. फ्लॅग त्यावरूनही आत. बाप म्हणतो, गोळी घाल.

“लांब सोडायचं ना मग!”

“कात्रजला द्यायचं, प्राणिसंग्रहालयात.”

चौथीतला एक जण गप्प होता. त्याचं आजोळ सुप्याजवळ. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांचं, पण जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, आणि हरणं हद्दीच्या पाट्या वाचत नाहीत.

“आजोबा ज्वारी राखायला जातात,” तो म्हणाला. “रात्री. बॅटरी घेऊन.”

“हरणाला मारतात?”

“नाही. डबा वाजवतात. सकाळी खाल्लेली ताटं मोजतात.”

मग कात्रजचं नाव कुणी काढलं नाही. मी शेवट वाचला, सगळा. मध्ये दोनदा पाणी प्यायले.

७. कपाट बंद करताना कण्याला खळीचा वास येत होता. दारात ‘ती’ मुलगी चपलेचा पट्टा लावत बसलेली. रडली नव्हती. शेजारी चौथीतला.

“किती ताटं होती?”

“विचारून सांगतो.”