मानसिक आजारातून सावरणे : आशेचे स्थान

हिवतापाच्या संदर्भात आपण 'बरा होणे' हा शब्दप्रयोग ज्या अर्थाने करतो, त्याच अर्थाने तो स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घकालीन मानसिक आजाराला लावला, तर गोंधळ होतो. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. भास, भ्रम, संशय ही लक्षणे शमणे ही पहिली गोष्ट. आणि व्यक्तीने आपले जगणे पुन्हा हाती घेणे, ही दुसरी. या दुसऱ्या प्रक्रियेला आपण 'सावरणे' असे म्हणू. औषधे चालू असताना, काही लक्षणे शिल्लक असतानाही माणूस सावरू शकतो. उलट, लक्षणे शमूनही काम, मैत्री आणि निर्णयाचा अधिकार नसेल, तर तो सावरला असे म्हणता येत नाही.

हा आजार ऱ्हासाकडेच जातो, ही समजूत जुनी आहे. १८९० च्या दशकात जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी त्याचे वर्णन याच दृष्टीने केले. पुढे या समजुतीची कसोटी लागली ती अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात. तेथील सरकारी मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या, सुधारणेची अपेक्षा सोडून दिलेल्या २६९ रुग्णांना १९५० च्या दशकात पुनर्वसन कार्यक्रमात घेण्यात आले. औषधोपचारांबरोबर निवास, कामाचे प्रशिक्षण व समाजात राहण्यासाठी आधार देण्यात आला. सुमारे तीन दशकांनी कोर्टनी हार्डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी यांतील जवळजवळ सर्वांचा माग काढला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्या ते दोन-तृतीयांश व्यक्ती लक्षणीयरीत्या सुधारल्या होत्या किंवा सावरल्या होत्या.

येथे एक मुद्दा नीट लक्षात घ्यावा. 'आता काही होणार नाही' हे वाक्य केवळ भाकीत नसते; ते परिणामही घडवते. असे मानणारे कुटुंब आजारी मुलीला स्वयंपाकघरातले साधे कामही सांगत नाही, तिच्यादेखत तिच्याविषयीचे निर्णय घेते. मग न वापरलेली कौशल्ये क्षीण होतात आणि भाकीत खरे ठरल्यासारखे वाटते. म्हणून आशा ही उपचारांनंतर मिळणारी भेट नसून उपचारांइतकीच आवश्यक अट आहे. मात्र आशा म्हणजे 'सगळे ठीक होईल' हे आश्वासन नव्हे. आजार उलटू शकतो, हे मान्य करूनही पुढची लहान पायरी खुली ठेवणे म्हणजे आशा.

भाषाही ही पायरी खुली करते. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. 'रुग्ण' या शब्दात केवळ आजार दिसतो. 'शुभार्थी' या शब्दात स्वतःचे भले इच्छिणारी व्यक्ती दिसते.

तथापि, केवळ शब्द पुरेसे नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा अधिकार आहे. कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने तिला रुग्णालयात ठेवता येत नाही. हा अधिकार प्रत्यक्षात येण्यासाठी घर, काम आणि शेजार लागतो. तो शेजार आपण आहोत.

स्वयं-अध्ययन प्रश्न : लक्षणे शमणे आणि सावरणे यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरणाने, व्यक्तीची ओळख उघड न करता, स्पष्ट करा.